भेदऱ्याचं बी शुद्ध राखायचं तर थैली फुलाला बांधा

बाजारातून किलोभर टोमॅटो आणायचे, त्यातला लालबुंद बघून बी काढायचं आणि पुढच्या वर्षी ‘बियाणंच खराब निघालं’ म्हणून कपाळाला हात लावायचा, हे आधी थांबवा. बाजारातला टोमॅटो जवळपास सगळा संकरित. त्याचं बी लावलं की दहा रोपांच्या दहा तऱ्हा. बी धरायचं तर सरळ वाणाचं, म्हणजे ज्याच्या बियांतून पुढच्या वर्षीही तसंच झाड येतं: घरातलं गावरान, नाहीतर पुसा रुबी, अर्का विकास, राहुरीची धनश्री अशी सुधारित जात.

आमच्या वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात. माझ्याकडचं भेदरं मावशीच्या परसातलं. लिंबाएवढं, चपटं, खाचाखाचांचं आणि चांगलंच आंबट. हिरव्या मिरचीसोबत तव्यावर भाजून ठेचलं की भाकरीला दुसरं काही लागत नाही. पुढचं सगळं या एका भेदऱ्यावर शिकलेलं आहे.

लागवड

पोळ्याच्या सुमारास बी टाका, महिन्याभरानं रोपं लावा, काठीचा आधार द्या. बहर थंडीत यायला हवा, एवढंच सांभाळा.

झाड निवडणं

बी झाड बघून धरायचं, फळ बघून नाही. एका मरतुकड्या झाडाला एकच मोठं फळ लागलं म्हणून त्याचं बी ठेवणारे लोक मला माहीत आहेत. वाणाला शोभतील अशी पाच-सहा झाडं निवडा. पानं आकसून मुरडलेलं, बोकड्या आलेलं झाड बियाण्यातून बाद. वेगळ्या पानाचं किंवा वेगळ्या बांध्याचं झाड दिसलं तर फुलं यायच्या आधीच उपटा.

फूल

खरं काम इथे आहे. ‘टोमॅटो स्वपरागीत, त्याला काही करावं लागत नाही’, असं जो तो सांगतो. ते अर्धंच खरं आहे. फुलात पुंकेसरांचा पिवळा शंकू असतो आणि स्त्रीकेसर त्याच्या आत. फूल हललं की पराग आतल्या आत पडतो. पण सगळ्याच वाणांत स्त्रीकेसर आत राहत नाही. मोठ्या फळांच्या काही जुन्या जातींत तो बाहेर डोकावतो, आणि ऊन तापलं की एरवी आत राहणाराही बाहेर येतो. फूल हातात धरून बघा. शंकूच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवट ठिपका दिसला, तर परक्या परागाला दार उघडं आहे. मधमाशी या फुलांना फारशी विचारत नाही. पण काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली रानमाशी शंकूला बिलगून गुणगुणतात, आणि त्या थरथरीनं पराग सांडतो. तोच अंगावर घेऊन ती पुढच्या झाडावर जातात.

माझं तिसरं वर्ष असंच गेलं. भेदऱ्यापासून पाच हातांवर संकरित टोमॅटोची चार झाडं होती. त्या हंगामातली फळं हुबेहूब मावशीच्या घरची, म्हणून मी निर्धास्त. फसगत होते ती इथेच. परका पराग पडला तरी त्या वर्षीचं फळ बदलत नाही, कारण गर आईचा असतो. भेसळ आतल्या बियांत जाऊन बसते आणि पुढच्या वर्षी तोंड दाखवते. पुढच्या हिवाळ्यात बारापैकी तीन झाडांना गोल, गुळगुळीत, दुप्पट मोठी फळं लागली. मावशीनं एक चाखलं आणि म्हणाली, ‘हे आपलं नोहे वं.’

तेव्हापासून मी थैली बांधते. संक्रांतीच्या वाणाला ज्या जाळीच्या थैल्या मिळतात, त्याच. (वाणाची थैली वाणाला, विनोद एवढाच.) प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरते आणि फुलं सडतात.

घोस पूर्ण कळीत असतानाच थैली चढवा आणि देठाशी दोरी आवळा, पण देठ कापला जाईल इतकी नाही. घोसात एखादं फूल उमललेलं असेल तर आधी खुडा. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडलेलं फूल मला पुढे दोन वर्षं निस्तरावं लागलं. आत वारा कमी लागतो, म्हणून रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास थैलीला टिचकी मारा. हे विसरलात तर थैलीत फळं नाहीत, नुसती गळलेली फुलं सापडतील. फळं वाटाण्याएवढी झाली की घोसाच्या टोकाला उरलेल्या कळ्या-फुलं खुडून टाका, मगच थैली काढा आणि देठाला लाल लोकर सैल बांधा. घरात सगळ्यांना लोकरीचा अर्थ सांगून ठेवा. आमच्या सासूबाईंनी एकदा लोकरवाली तीन फळं तोडून साराला वापरली, आणि त्यांची काहीच चूक नव्हती.

एकच वाण लावलं असेल आणि आसपास दुसरा टोमॅटो नसेल तर थैलीची गरज नाही. बीज प्रमाणीकरणात सरळ जातींच्या पायाभूत बियाण्याला (ज्यापासून पुढचं बियाणं तयार करतात) ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्याला (जे शेतकऱ्याला विकतात) २५ मीटर अंतर धरतात. किलोमीटरभर अंतर सांगून लोकांना घाबरवणारे मला पटत नाहीत. पण शहरातल्या गच्चीवर २५ मीटर तरी कुठून आणणार? तिथे थैलीच.

बी काढणं

फळ झाडावरच पिकून मऊ पडू द्या. आडवं कापून बी रसासकट वाटीत पिळा, पाणी घालू नका, वर फडकं बांधा. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती आंबवल्यानं सुटतात. दोन दिवस, कडाक्याच्या थंडीत तीन. वर पांढरट साय आणि आंबूस वास आला की धुवा. त्याहून जास्त ठेवलं तर बी वाटीतच मोड काढतं. धुताना तरंगतं ते फेका, तळाला बसतं ते ठेवा.

स्टीलच्या ताटात सावलीत वाळवा, दिवसातून दोनदा हात फिरवा. वर्तमानपत्रावर नको, चिकटतं. खडखडीत वाळलं की कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत. चार वर्षं बिनघोर.

पुढच्या वर्षीची तपासणी

बटाट्यासारख्या पानाचा वाण असेल, अमेरिकेतल्या जुन्या ब्रँडीवाईनसारखा, तर काम सोपं. तो पानाचा गुण दबता असतो, त्यामुळे संकर झालेलं रोप नेहमीच्या कातरलेल्या पानाचं येतं आणि वाफ्यातच ओळखू येतं. भेदऱ्याला ही सोय नाही, फळ लागेपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून पाकिटावर वाणाचं नाव, वर्ष आणि ‘थैलीतलं’ की ‘मोकळं’ एवढं लिहा. मोकळं बी घरच्या खाण्यापुरतं लावा, कुणाला देऊ नका. आणि नवं बी हाती आलं म्हणून जुनं पाकीट टाकू नका. नव्या बियांच्या झाडांना फळं लागून ती चाखून होईपर्यंत जुनं बरणीतच राहू द्या.