आजी-आजोबांना पुन्हा मतदानाला नेताय? या चुका टाळा

दोन-तीन निवडणुका घरीच बसलेल्या माणसाला ‘मतदान हा तुमचा हक्क आहे’ असं सांगून काही उपयोग होत नाही. सत्तरीपुढच्या माणसाला ते पाठ असतं. मत देणं सुटलं त्यामागे बहुतेक वेळा साधीशी अडचण असते. गेल्या वेळी यादीत नाव सापडलं नाही, बूथ वरच्या मजल्यावर होतं, उन्हात तासभर उभं राहावं लागलं, नाहीतर मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणून ‘का जात नाही?’ हा प्रश्न टाळा, तो आरोपासारखा लागतो. ‘शेवटचं मत कधी दिलंत? त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारा. काय दुरुस्त करायचं ते उत्तरातच कळतं.

कार्ड आहे म्हणजे नाव आहे, असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कपाटात जपून ठेवलेलं मतदार ओळखपत्र (कार्ड) असलं, तरी मतदार यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. मतदार सेवा पोर्टलवर किंवा १९५० या हेल्पलाइनवर नाव आधीच तपासा. जुन्या कार्डांवर ‘एमटी/’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो. तो टाकून काही सापडलं नाही तर नाव उडालं असं लगेच धरू नका. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि मतदारसंघ घालून पुन्हा शोधा. ‘विठ्ठल’चं ‘विट्ठल’ झालेलं असतं, आजींचं नाव माहेरच्या आडनावाने असतं.

नाव खरंच वगळलं असेल तर फॉर्म ६ भरायचा. पण आजोबा साताऱ्याहून मुलाकडे पुण्याला राहायला आले असतील आणि जुन्या पत्त्यावर नाव असेल, तर फॉर्म ८ भरून ते हलवायचं. इथे लोक हमखास चुकतात. पुण्यात फॉर्म ६ भरून मोकळे होतात आणि एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी राहतं, जे कायद्याला चालत नाही. अर्ज करताना मतदानाची तारीख धरू नका. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंतच अर्ज करता येतो. महापालिका-झेडपीला राज्य निवडणूक आयोग ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो, त्यामुळे तिथे आणखी लवकर हालावं लागतं.

घरून मतदान शेवटच्या आठवड्यात आठवणं

८५ वर्षं पूर्ण केलेल्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना ही सोय आहे. २०२४ पर्यंत वयाची अट ८० होती, त्यामुळे अजूनही अनेकांच्या डोक्यात तोच आकडा आहे. अर्ज १२-डी. तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि ती मुदत प्रचार रंगात यायच्या आत संपलेली असते.

शिवाय वय यादीतलं धरतात. आजी ८६ च्या असतील आणि यादीत ८१ लिहिलं असेल तर अर्ज अडकतो. फॉर्म ८ भरून वय आधीच, निवडणूक नसतानाच, दुरुस्त करून घ्या.

मत घ्यायला निवडणूक कर्मचाऱ्यांचं पथक घरी येतं तेव्हा मशीन आणत नाही. कागदी मतपत्रिका असते, ती भरून लिफाफ्यात घालायची. व्हिडिओ घेतात, पण कुणाला मत दिलं ते त्यात येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर ज्येष्ठ बिचकतात. मतदार घरी नसला तर पथक दुसऱ्यांदा येतं, तेव्हाही नसला तर संधी गेली. मग बूथवर जाऊनही मत देता येत नाही. त्यामुळे आजोबा काठी टेकत का होईना बूथपर्यंत जाऊ शकत असतील आणि त्यांना जायची हौस असेल, तर १२-डी भरू नका. आणि ही सोय लोकसभा-विधानसभेची आहे, महापालिकेला गृहीत धरू नका.

सवयीच्या शाळेत जाणं

२०२४ मध्ये मोठ्या शहरांत अनेक सोसायट्यांच्या आवारातच बूथ आले, काही जुनी केंद्रं बदलली. वर्षानुवर्षांच्या शाळेत रिक्षाने जायचं आणि तिथून परत फिरायचं, की माणूस पुढच्या वेळी हलत नाही. आदल्या दिवशी केंद्र तपासा आणि त्याचं नाव, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. कार्ड नसेल तर आधार, फोटो असलेलं पासबुक, पेन्शनचं फोटोसह कागदपत्र यांपैकी एक मूळ प्रत घ्या. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोनमधल्या आधारवर विसंबू नका.

आत काय होणार ते न सांगणं

दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल तर अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. पण एका दिवशी एका सोबत्याला एकाच मतदाराला मदत करता येते. म्हणजे आजी आणि आजोबा दोघांना मदत लागत असेल तर दोन माणसं हवीत. रांगेत ज्येष्ठांना प्राधान्य मिळतं, बाहेरच्या कर्मचाऱ्याला सांगायला लाजू नका.

विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. चष्मा घालूनच पुढे जा. मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुतेक प्रभागांत एकाच वेळी चार मतं द्यायची असतात. एकच बटण दाबून निघालं तर मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेसाठी कुणीच नको असेल तर तिथे ‘नोटा’ दाबायचा.

उमेदवाराच्या गाडीत बसवणं

उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांची फुकट ने-आण करणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरतं. सोसायटीने सोय करायची तर आपापल्या गाड्यांची करा, आणि ‘कुणाला द्यायचं’ हा विषय गाडीत काढू नका. तो काढला की पुढच्या वेळी ‘माझं मी बघेन’ असं उत्तर येतं.

‘नक्की जाल ना?’ एवढंच विचारून थांबणं

२००८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात झालेल्या प्रयोगात, फोनवर नुसतं प्रोत्साहन देण्यापेक्षा ‘किती वाजता निघाल, कुठून निघाल, त्याआधी काय करत असाल’ असं विचारल्यावर मतदान जास्त वाढलं. घरात एकटाच मतदार असेल तिथे तर अधिकच. आपल्याकडे हा प्रश्न असा विचारा: सकाळचा चहा-गोळ्या झाल्यावर की दुपारच्या झोपेनंतर? सोबत कोण?

‘नाव यादीतून गेलंय’ ऐकून घरी परतणं

बरीच वर्षं मत न दिलेल्यांचं नाव कधी ‘गैरहजर, स्थलांतरित, मृत’ या वेगळ्या यादीत असतं. मूळ यादीत नाव असेल तर ओळख पटवून, सही-अंगठा घेऊन मत देऊ द्यावं लागतं. केंद्राध्यक्षांना भेटा. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर ‘प्रदत्त मत’ मागा. ते वेगळ्या मतपत्रिकेवर घेतात.