पुल्केरियाची भिंत रंगवताना

मेक्सिकोत घायपाताच्या रसापासून आंबवलेली पुल्के ही दारू जिथे विकतात, त्या पुल्केरियांच्या भिंती चित्रांनी भरायची जुनी रीत आहे. १९४३ मध्ये मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान भागातल्या 'ला रोसिता' या पुल्केरियाची भिंत चित्रकार फ्रिदा कालोच्या विद्यार्थ्यांनी रंगवली होती. असं चित्र चुन्यावर काढायचं तर निम्म्याहून जास्त मेहनत भिंतीवरच घ्यावी लागते.

जुना तेलरंग पुरता खरवडा, त्यावर चुना धरत नाही. तळातून ओल चढत असेल तर आधी ती बंद करा. नाहीतर क्षार फुलून रंगाचे पापुद्रे सुटतात.

फड्या निवडुंगाची (नोपाल) काटे काढलेली १ किलो पानं चिरून २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि फडक्यातून गाळा. हा बुळबुळीत चीक चुन्याला धरून ठेवतो, पाणीही हळू सुटू देतो. तो लवकर आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करा. विरवलेला घट्ट चुना आणि चीक समभाग घेऊन दुधाइतकं पातळ होईल एवढं पाणी घाला. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळे जाळतो. भिंत ओली करून एकेक दिवसाच्या अंतरानं तीन पातळ हात द्या. जाड हात तडकतो. भर उन्हात किंवा पंख्याखाली वाळलेल्या हाताचं पीठ सुटतं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट व्हायला चुन्याला ओल लागते.

रंगांत गेरू, पिवळी माती आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा बिनधास्त वापरा. प्रशियन ब्लू चुन्यात तपकिरी पडतो, त्याऐवजी कोबाल्ट ब्लू घ्या. रंगाची पूड चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापुढे गेली की रंग बोटाला लागतो. मेक्सिकोचा लाडका भडक गुलाबी चुन्यात सहसा उडतो. तो महिन्याभरानं अॅक्रिलिकमध्ये वरून द्या.

खालच्या एक मीटरात खुर्च्या घासतात, तिथे तेलरंगाचा गडद पट्टाच ठेवा. त्याला गुआर्दापोल्वो म्हणतात. बसलेल्या माणसाची नजर सव्वा मीटरच्या आसपास असते, म्हणून मुख्य चेहरे त्याच उंचीवर काढा. झिंगलेला ससा इथे हक्कानं शोभतो: नाहुआ या मेक्सिकोच्या मूळ लोकांच्या परंपरेत पुल्केचे देव म्हणजे चारशे ससे. टोपी घातलेला सांगाडा, मिशीवाला घायपात, काहीही चालेल. फक्त प्रमाण सुधारत बसू नका, छाया देऊ नका. सपाट रंग भरा आणि काळी रेघ शेवटी, एका दमात ओढा. थांबलात की ती थरथरते आणि चित्राची मस्ती जाते.

मेक्सिकोतल्या तेनांगो दे दोरिया गावच्या ओतोमी या मूळ समाजाच्या भरतकामातले प्राणी मात्र परस्पर उचलू नका. ते त्या समाजाचे आहेत, आणि मेक्सिकोच्या २०२२ च्या कायद्यानुसार त्यांची संमती लागते.

वरून वार्निश टाळा, ओल आत कोंडते. चुलीजवळच्या भिंतीवर फरशी लावा. चुना तेल पितो आणि ते डाग निघत नाहीत.