अधिकृत विक्रेता नसलेल्या देशात इलेक्ट्रिक गाडी आणताना

परदेशातून इलेक्ट्रिक गाडी मागवू पाहणारा माणूस सहसा किंमत आणि रेंज (एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर) यांपासून हिशेब मांडायला बसतो. ज्या देशात त्या कंपनीचा अधिकृत विक्रेताच नाही, तिथे मात्र पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: ही गाडी उघडता येणारा मेकॅनिक आणि तिचे सुटे भाग आपल्या आवाक्यात आहेत का? अशा ठिकाणी बाजारातल्या सर्वोत्तम मॉडेलपेक्षा रस्त्यावर आधीच मोठ्या संख्येने धावणारे, काहीसे जुने मॉडेल अधिक उपयोगी पडते. अपघातात निकामी झालेल्या तशाच गाड्या हेच तिथले सुट्या भागांचे कोठार असते, आणि ज्या मेकॅनिकने एक प्रकार दहा वेळा उघडला आहे, तो अकराव्या वेळी तुमच्या गाडीवर प्रयोग करत नाही.

मॉडेल मनात ठरले, की चार्जिंगचे सॉकेट तपासावे. जपानी बाजारातल्या गाड्यांना साध्या चार्जिंगसाठी टाइप १ आणि जलद चार्जिंगसाठी बहुधा चाडेमो असते. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांना सीसीएस १ किंवा टेस्लाने रूढ केलेले एनएसीएस, युरोपातल्यांना टाइप २ आणि सीसीएस २, तर चिनी गाड्यांना जीबी/टी पद्धतीची, एसी (साधे चार्जिंग) आणि डीसी (जलद चार्जिंग) यांसाठी वेगवेगळी अशी दोन सॉकेट असतात. चिनी एसी सॉकेट पाहून अनेकांची फसगत होते, कारण त्यातली सात टोके टाइप २ सारखीच मांडलेली असतात. प्रत्यक्षात नर-मादी जोडणी उलट असल्यामुळे टाइप २ ची केबल त्यात बसत नाही. एसी चार्जिंगसाठीचा अडॅप्टर ही साधी वस्तू आहे. डीसीचे तसे नाही. चाडेमो आणि जीबी/टी यांची गाडीशी बोलण्याची पद्धत एका जातीची, सीसीएसची दुसऱ्या. त्यामुळे मधल्या अडॅप्टरला दुभाष्याचे काम करावे लागते, आणि असा अडॅप्टर महाग असूनही प्रत्येक चार्जरवर चालेल याची खात्री नसते. आपल्या नेहमीच्या मार्गावरचे जलद चार्जर कोणत्या पद्धतीचे आहेत, हे गाडीचे पैसे देण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे.

अमेरिकी आणि जपानी गाड्यांतला अंतर्गत चार्जर साधारणपणे सिंगल फेज असतो, म्हणून ११ किलोवॉटच्या थ्री फेज चार्जरला जोडल्यावरही अशी गाडी तीनपैकी एकाच फेजमधून सुमारे ३.७ किलोवॉटच खेचते. गाडीसोबत आलेली केबल घरच्या २३० व्होल्टला चालते का, हे तिच्या डबीवरच्या पट्टीवर छापलेले असते. ते न वाचता प्लग लावू नये.

वापरलेल्या गाडीत किलोमीटरच्या आकड्यापेक्षा बॅटरीची शिल्लक क्षमता महत्त्वाची. २०१० च्या अखेरीस विक्रीला आलेली निसान लीफ हे याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या चार्ज दाखवणाऱ्या खुणेशेजारी बारा बारीक पट्ट्या असतात. पहिली पट्टी साधारण १५ टक्के क्षमता गेल्यावर विझते आणि पुढची प्रत्येक साधारण सहा टक्क्यांना. म्हणजे बाराही पट्ट्या दिसणारी गाडी नव्यासारखी असेलच असे नाही. शिवाय बॅटरीची नियंत्रण प्रणाली रीसेट करून विझलेल्या पट्ट्या काही काळापुरत्या परत आणता येतात, आणि तसे करणारे विक्रेते आहेत. म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडीची तपासणी जिथून करतो त्या) लहानसे ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर क्षमतेची टक्केवारी आणि बॅटरीतल्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज वाचावे. चार्ज कमी असतानाच्या वाचनात एखादा सेल इतरांपेक्षा बराच खाली दिसला, तर सौदा तिथेच सोडावा. या गाडीच्या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नाही, त्यामुळे उष्ण प्रदेशात वापरलेल्या लीफपेक्षा थंड प्रदेशातली श्रेयस्कर. जाहिरातीतल्या रेंजकडे पाहताना मोजणीची पद्धत विचारावी: चिनी सीएलटीसीचा आकडा सर्वांत उदार, युरोपीय डब्ल्यूएलटीपीचा त्याहून कमी, आणि अमेरिकी ईपीएचा प्रत्यक्षाच्या बराच जवळ.

गाडीत आता सॉफ्टवेअरचेही कुलूप असते. आधीच्या मालकाच्या खात्यातून गाडी काढून टाकल्याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कंपनीचे अॅप अनेकदा मूळ देशातला मोबाइल क्रमांक मागते, नकाशे निरुपयोगी ठरतात आणि मेनूची भाषा बदलता येतेच असे नाही. उत्पादकाची वॉरंटीही बहुधा विक्रीच्या प्रदेशापुरतीच असते, तेव्हा बॅटरीवर आठ वर्षांची हमी असल्याचे विक्रेत्याने सांगितले तरी ती शून्य धरूनच किंमत ठरवावी.

कागदपत्रांत फारसे गूढ नाही, पण चूक महाग पडते. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारी ८७०३.८० या शीर्षात येतात. प्लग-इन हायब्रीडचे शीर्ष वेगळे असल्यामुळे करसवलतीचा अर्थही बदलू शकतो. बहुतेक देशांत शुल्क गाडीच्या किमतीवर नव्हे, तर विमा आणि जहाजभाडे धरून झालेल्या एकूण रकमेवर आकारतात. लिथियम बॅटरीची गाडी सागरी वाहतुकीत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते, त्यामुळे चढवताना बॅटरी किती भरलेली असावी, हे जहाज कंपनीकडून लेखी घ्यावे. जपानी देशांतर्गत गाड्यांना १७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतो, लहान चॅसिस क्रमांक असतो. नोंदणी कार्यालयाची संगणक प्रणाली तो स्वीकारते का, हे आधीच विचारलेले बरे.

घरी चार्जिंगसाठी मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, कारण अर्थिंग कमकुवत असेल तर काही गाड्या, विशेषतः रेनो झोई, चार्ज व्हायलाच नकार देतात. एक्स्टेन्शन बोर्डाचा विचारही करू नये. मोठ्या बॅटरीची चिंता वाहणारे मालक १२ व्होल्टच्या लहान बॅटरीला विसरतात. ती बसली की भरलेली गाडीही जागची हलत नाही.

नारिंगी आवरणाच्या केबलला उच्च दाबाचे प्रशिक्षण नसलेल्या कोणालाही हात लावू देऊ नये. पण खरा घात बऱ्याचदा गाडी गार करणाऱ्या एसीच्या, म्हणजे एअर कंडिशनरच्या, साध्या सर्व्हिसिंगमध्ये होतो. पेट्रोल गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये चालणारे पीएजी तेल इथे गेले, तर विजेवरच्या कॉम्प्रेसरचे इन्सुलेशन बिघडते आणि सुरक्षा प्रणाली गाडी बंद पाडू शकते. त्याला बहुतेक वेळा पीओई प्रकारचे तेल लागते. उत्पादकाने सांगितलेल्या तेलाचे आणि एअर कंडिशनरमध्ये भरायच्या वायूचे नाव स्थानिक भाषेत लिहिलेला कागद बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि मेकॅनिकने तेलाची बाटली उघडण्यापूर्वी तो त्याला वाचायला लावावा.