कर्मचारी स्वास्थ्य उपक्रमांचा कामगिरीवर परिणाम दिसत नाही? या चुका टाळा

योगवर्ग सुरू झाले, आरोग्य तपासणी झाली, ताण कमी करण्याचे ॲप सर्वांच्या फोनवर आले, तरीही वर्षअखेरीस रजांचे प्रमाण आणि कामाचा दर्जा होता तसाच राहिला, असा अनुभव अनेक मनुष्यबळ विभागांना येतो. अशा वेळी कर्मचाऱ्यांना बोल लावण्याआधी उपक्रमाची आखणी आणि मोजणी तपासावी.

मोजणीतली चूक सर्वांत महागात पडते. भाग घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली जाते आणि दिसलेला फरक उपक्रमाच्या खात्यावर जमा होतो. परंतु आपणहून पुढे येणाऱ्यांची प्रकृती बहुधा आधीपासूनच चांगली असते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये ४,८३४ कर्मचाऱ्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून हे पडताळले, तेव्हा उपक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या वैद्यकीय खर्चात, आजारपणाच्या रजांत किंवा उत्पादकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. नेहमीसारखी सहभागी आणि असहभागी अशी तुलना केली, तेव्हा मात्र तोच उपक्रम फलदायी भासला. म्हणून अनेक शाखा असतील, तर सोडत काढून काही शाखांत आधी सुरुवात करावी आणि उरलेल्या शाखांशी तुलना करावी.

प्रश्नावलीवरही विसंबू नये. बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी दुकानसाखळीत असा उपक्रम सुरू होऊन १८ महिने झाल्यावर कर्मचाऱ्यांनी नियमित व्यायाम वाढल्याचे सांगितले, पण रक्तदाब, गैरहजेरी आणि कामगिरी यांत उल्लेखनीय बदल झाला नव्हता.

दुसरी मोठी चूक म्हणजे ताणाचे मूळ कामात असताना उपाय मात्र माणसावर करणे. ब्रिटनमधील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲप, सजगता आणि तणाव व्यवस्थापनाचे वर्ग यांत भाग घेतलेले लोक इतरांपेक्षा सुखी आढळले नाहीत. मला हे स्वाभाविक वाटते. कारण रात्री दहाला येणारा वरिष्ठांचा संदेश आणि तिघांचे काम एकट्यावर पडणे या गोष्टी प्राणायामाने बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या पद्धतीतील बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांचा समावेश आहे. तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात रिक्त जागा भरण्यासाठी आणि पाळ्यांचे वेळापत्रक आगाऊ ठरवण्यासाठी आधी तरतूद करावी, आणि योगवर्ग ठेवायचाच असेल तर तो कामाच्या वेळेत बसवावा.