इंग्रजीच्या वरच्या वर्गात निबंधवाचन आणि ब्लॉगलेखन एकत्र कसे शिकवावे

बडोद्यातील मराठी घरांतली मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलत वाढतात, त्यामुळे बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत त्यांचे इंग्रजी बरेच सफाईदार झालेले असते. तरीही निबंध हाती दिला की बहुतेक जण दोन ओळींत सारांश सांगून मोकळे होतात. सारांश जमला म्हणजे निबंध कळला, ही समजूत परीक्षेने घट्ट केलेली आहे. ती मोडायची असेल तर वाचनाचा आणि लेखनाचा तास वेगळा न ठेवता दोन्ही एकाच निबंधाभोवती गुंफावेत.

पहिला निबंध विचारपूर्वक निवडावा. 1597 पासून छापले जात असलेले इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनचे निबंध सुंदर असले तरी सुरुवातीला देऊ नयेत, कारण त्यांतील वाक्ये सूत्रांसारखी असतात आणि लेखकाचे मन वळताना दिसत नाही. जॉर्ज ऑर्वेलचा 1936 मधील ‘शूटिंग ॲन एलिफंट’ माझ्या मते सर्वांत उपयुक्त. ब्रह्मदेशातला इंग्रज पोलीस अधिकारी माजावर आलेल्या हत्तीच्या मागावर निघतो; हत्ती सापडतो तेव्हा तो शांतपणे गवत खात असतो आणि त्याला मारण्याची गरज उरलेली नसते, तरी मागे लोटलेल्या गर्दीसमोर आपले हसे होऊ नये म्हणून अधिकारी गोळी झाडतो. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि ऑर्वेल 1950 मध्ये वारले, म्हणून वर्गासाठी प्रती काढण्यास अडचण नाही.

पहिले वाचन शिक्षकाने मोठ्याने, मध्ये न थांबता करावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येकाने समासात पेन्सिलीने एकच खूण करावी : लेखकाचा विचार जिथे वळला असे वाटते, तिथे. कोणी हत्ती शांत दिसला तिथे खूण करेल, कोणी बंदूक हातात असताना पाठीमागची गर्दी जाणवली तिथे. शिक्षकाने लगेच निवाडा देऊ नये. ज्याने त्याने आपले वाक्य वाचून दाखवावे आणि त्याच वाक्याच्या आधाराने बोलावे. शेवटच्या परिच्छेदावर मात्र अवश्य थांबावे. हत्तीने एका मजुराला मारले होते म्हणून कायदा आपल्या बाजूला आला आणि त्या मृत्यूचे आपल्याला बरे वाटले, असे निवेदक तिथे सांगतो. स्वतःविषयीची इतकी लाजिरवाणी गोष्ट त्याने लपवली का नाही, हा प्रश्न विचारून वर्गाला पुरेसा वेळ द्यावा. निबंध आणि शालेय ‘एसे’ यांतला फरक मुलांना इथे खरोखर जाणवतो.

त्याच आठवड्यात 300 ते 400 शब्दांचा ब्लॉगलेख लिहायला द्यावा. विषय दूर शोधायला नको. पावसाळ्यात बडोद्यातील विश्वामित्री नदीचे पाणी चढले की मगरी वस्तीत येतात आणि बघ्यांची गर्दी जमते. पहिल्या खर्ड्यात ‘प्राण्यांचे रक्षण केले पाहिजे’ असा उपदेश येणारच. तेव्हा समासात एवढेच लिहावे : ‘तू स्वतः त्या गर्दीत कशाची वाट पाहत उभा होतास?’ दुसरा खर्डा बहुधा या उत्तरापासून सुरू होतो. प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगावर असा नेमका प्रश्न असला की उतारे चिकटवण्यालाही फारसा वाव उरत नाही.

प्रत्येकाचा स्वतंत्र ब्लॉग काढण्यापेक्षा वर्गाचा एकच ब्लॉग असावा आणि निदान पहिले सत्र तो वर्गापुरताच खुला ठेवावा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. पूर्ण नाव, फोटो आणि पत्ता देऊ नये.

अभिप्रायांची शिस्त सुरुवातीपासून पाळावी. ‘मस्त लिहिलंय’ हा अभिप्राय धरू नये. प्रत्येकाने सोबत्याच्या लेखातील एक वाक्य उद्धृत करून त्याबद्दल एक प्रश्न विचारावा, आणि लेखकाने त्यांपैकी निदान एका प्रश्नासाठी लेखात बदल करावा. व्याकरणाच्या चुका वहीतच दुरुस्त कराव्यात, कारण सर्वांसमोर चुका दाखवल्या की धाडसी वाक्ये लिहिणारी मुले सोपी वाक्ये लिहू लागतात.

पंधरा दिवसांत एक निबंध पुरेसा आहे. पुढचा म्हणून चार्ल्स लॅमचा ‘ड्रीम चिल्ड्रन’ घ्यावा, आणि त्यानंतरचा निबंध मुलांनी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन स्वतः शोधून आणावा.