चीज भरलेला पाव फुटतोय? ओव्हनला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

घरी चीज बन करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: चीज ट्रेवर सांडलंय आणि पावाच्या पोटात नुसती पोकळी. निदानही ठरलेलं. ओव्हन खराब, चीज भेसळीचं, नाहीतर यीस्ट जुनं. यीस्ट कधीकधी खरंच जुनं असतं. बाकीचे दोघे सहसा निर्दोष असतात, कारण पाव ओव्हनमध्ये जायच्या आधीच ओट्यावर बिघडलेला असतो.

पुढचं सगळं या मापावर बेतलंय: मैदा ३०० ग्रॅम, दूध आणि पाणी मिळून १९० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम. यात साधारण ६५ ग्रॅमचे ८ गोळे होतात. प्रत्येकात सारण २५ ग्रॅम, फार तर ३०. ग्रॅम म्हणजे ग्रॅमच. २४० मिलीच्या एकाच कपात चाळून भरलेला मैदा १२० ग्रॅम बसतो, दाबून भरलेला १५०. एवढ्या फरकात पीठ सैल की घट्ट हे नशिबावर सोडल्यासारखं आहे. महागाचा ओव्हन घेतात आणि वजनकाट्याला पैसे नाहीत म्हणतात, याला काय म्हणायचं?

तेलाचा हात

आपल्याकडे सारण भरायचं म्हटलं की हात पुरणपोळीच्या सवयीने चालतो. तळव्याला तेल, पारी सगळीकडे सारखी पातळ, सारण भरपूर. पोळीला ते शोभतं, कारण ती लगेच लाटून तव्यावर जाते आणि पुरण घट्ट असतं. चीज बन मात्र भरल्यावर आधी अर्धा-पाऊण तास फुगतो, मग ओव्हनच्या आचेने आणखी फुगतो. तोवर आतलं चीज वितळलेलं असतं, त्यातल्या पाण्याची वाफ झालेली असते आणि ती वाफ बाहेर पडायला सगळ्यात कच्ची जागा हुडकते. तेलकट बोटांनी मिटलेली कड हीच ती जागा. तेल लागलं की पीठ पिठाला धरत नाही. वरून चिमटलेलं दिसतं, पण आत जोड झालेलाच नसतो.

गोळे वळून झाकून १० मिनिटं ठेवा, नाहीतर लाटताना आक्रसतात. मग साधारण १० सेंटिमीटरची चकती लाटायची, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडा खाली एकत्र येणार असतात, त्या जाड ठेवल्या तर तळाशी पिठाची गाठ होते आणि ती कच्ची राहते. सारण मध्यभागी, कडेची दोन सेंटिमीटर जागा मोकळी. कडेवर सुका मैदा असेल तर तो झटकून टाका, कारण सुक्या मैद्यानेही जोड बसत नाही. कड फार वाळली असेल तर पाण्याचं बोट फिरवा. समोरासमोरच्या कडा आधी चिमटायच्या, मग उरलेल्या मध्ये गोळा करून पीळ द्यायचा. शिवण खाली करून बन कोरड्या ओट्यावर तळव्याने दोनदा गोल फिरवला की वरची साल ताणली जाते आणि खालचा जोड आवळतो. ट्रेवर शिवण खालीच. हे आठ बनांना दहा-बारा मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांत उरकायचं असेल तर सरळ चीज टोस्ट करा, तोही चांगला लागतो.

कोल्हापुरात यात आणखी एक भर पडते: कांदा-लसूण चटणी. चीज बनमध्ये ती झकासच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण चटणीला तेल असतं आणि चमच्याने पारीवर फासली की ते तेल थेट कडेला जातं. चटणी आधी किसलेल्या चीजमध्ये मिसळा, ८ बनांना दोन लहान चमचे पुरे. त्या मिश्रणाचे घट्ट गोळे वळून २० ते ३० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. गार, कडक गोळा भरायला सोपा, कडेला तेल लागत नाही आणि वितळायलाही उशीर होतो. तेवढ्या वेळात पावाचं कवच धरतं. चटणीत मीठ आहे, चीजमध्येही आहे, तेव्हा सारणात वेगळं मीठ घालायचं नाही. चटणी पिठातच मळायची हौस असेल तर आवरा. लसूण आणि मीठ दोन्ही यीस्टला मंद करतात.

ओलं सारण

कच्चा कांदा, कच्ची ढोबळी मिरची, उकडून तसेच टाकलेले मक्याचे दाणे. मीठ लागलं की या सगळ्यांना पाणी सुटतं आणि बनाचा तळ आतून चिकट, गिच्च राहतो. मग पाव कच्चा म्हणून अजून दहा मिनिटं भाजायचा, की वरून काळा. कांदा-मिरची कढईत पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, ताटात पसरून गार करा. मका निथळून कपड्यावर कोरडा करा. सारण कोमट असतानाही भरू नका.

घड्याळ बघून पीठ फुगवणं

रेसिपीत 'एक तास' लिहिलंय म्हणून एक तास. ही चूक सगळ्यात हट्टी, कारण करणाऱ्याला आपण नियम पाळतोय असंच वाटत असतं. तो एक तास २५-२६ अंशांच्या खोलीचा असतो. कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी पारा ३७-३८ ला जातो. त्या स्वयंपाकघरात हेच पीठ ३५-४० मिनिटांत दुप्पट होतं. जानेवारीच्या सकाळी पारा १५ च्या आसपास असताना दोन तासही लागतात. उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरा, थंडीत कोमट, आणि जुलैच्या झडीत मैदा स्वतःच दमट असतो म्हणून १०-१५ मिली पाणी हातचं राखून मळा. पीठ दुप्पट झालं का ते डोळ्याने बघा. भरलेल्या बनाला मैद्याचं बोट हलकं दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला. तसाच राहिला तर उशीर झाला.

उशीर झाला म्हणजे काय होतं, ते कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका वाढदिवसाला चांगलंच दिसलं. मे महिना, २४ बन, ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) मात्र एका वेळी ८ बन घेणारा. बाईंनी सगळं पीठ एकदम मळलं, सगळे बन एकदम भरले, तिन्ही ट्रे ओट्यावर ओळीने मांडले. पहिला ट्रे देखणा झाला. दुसऱ्याच्या तळाला चीजचे ओघळ. तिसऱ्या ट्रेमधले बन चपटे, साल सुरकुतलेली, चीज बाहेर जळून ट्रेला चिकटलेलं, कालथ्याने खरवडून काढावं लागलं. घरात चर्चा सुरू झाली की ओव्हन शेवटी शेवटी गरम राहत नसावा. ओव्हन शेवटपर्यंत २०० वर व्यवस्थित होता.

हिशोब सोपा आहे. एक ट्रे भाजायला १५-१६ मिनिटं, मधे दार उघडल्यावर आच परत यायला चार-पाच. म्हणजे तिसरा ट्रे पहिल्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त फुगत बसला, तोही मेच्या उकाड्यात. एवढ्या वेळात पिठातलं ग्लुटेन, म्हणजे गॅस धरून ठेवणारं चिवट जाळं, ताणून विरळ होतं, त्याची ताकद संपते आणि ओव्हनच्या पहिल्या धक्क्यालाच बन बसतो. शिवण तर आधीच सैल पडलेली असते.

यावर उपाय म्हणजे फ्रीज. पहिला ट्रे ओट्यावर, दुसरा आणि तिसरा भरल्याबरोबर प्लास्टिकने झाकून फ्रीजमध्ये. पहिला ओव्हनमध्ये गेला की दुसरा बाहेर काढायचा, दुसरा गेला की तिसरा. बोटाची परीक्षा प्रत्येक ट्रेला वेगळी. फ्रीजमध्ये ट्रे मावत नसेल तर पीठच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीनदा मळा. कंटाळवाणं आहे, पण खरवडण्यापेक्षा बरं. यीस्ट दुप्पट घालून काम लवकर उरकायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. उकाड्यात तेच यीस्ट घात करतं, शिवाय पावाला आंबूस वास येतो.

ओव्हनचं काय

ओव्हन निर्दोष म्हटलं तरी त्याला तापायला वेळ द्यावा लागतो. दिवा लागला म्हणजे तापला, असं नाही. लहान ओटीजीला २०० अंशांवर निदान १५ मिनिटं द्या, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या कप्प्यात. स्वस्त ओटीजीची तापमानाची चकती २० अंशांनी इकडेतिकडे असते. आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. मायक्रोवेव्ह मोडवर पाव होत नाही, कन्व्हेक्शन मोडच लागतो, आणि त्यात पंखा असल्यामुळे १८० वर ठेवा. बन भाजला का हे रंगावरून ठरवू नका, दूध-साखर असलेला पाव लवकर लाल होतो. तळ टिचकीने वाजवा, पोकळ आवाज आला पाहिजे.

पावसाळ्यात भाजताना वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. पाच-सात मिनिटांत आली तर बन तरतो. नाहीच आली तर जाड बुडाचं पातेलं मंद गॅसवर तापवा, आत स्टँड ठेवून त्यावर बन ठेवा, घट्ट झाकण लावा आणि शिजवून घ्या. रंग येणार नाही, पाव कच्चा मात्र राहणार नाही. बन अजून ओट्यावरच असतील तर फ्रीजमध्ये सरकवा. वीज गेल्यावरही फ्रीज काही तास गार राहतो, फक्त दार सारखं उघडू नका.

चीज कुठलं

नुसतं क्यूबचं प्रोसेस्ड चीज घातलं तर ते मऊ होतं, पण तार येत नाही. त्यात इमल्सिफाय करणारे क्षार असतात, ते चीज एकसंध ठेवतात आणि तार धरू देत नाहीत. नुसतं मोझरेला घातलं तर तार भरपूर, चव बेताची, आणि गार झाल्यावर रबर. म्हणून दोन्ही मिसळा: मोझरेला १३० ग्रॅम, प्रोसेस्ड ६५ ग्रॅम. २५ ग्रॅमचे क्यूब असतील तर अडीच क्यूब, उरलेला अर्धा करणाऱ्याच्या तोंडात. मोझरेला पिझ्झाचं घ्या. पाण्यात ठेवलेले ताजे गोळे बनात घालू नका, पाणीच पाणी होतं. किसून पाकिटात मिळणाऱ्या चीजला गुठळी होऊ नये म्हणून पूड लावलेली असते, ते नीट एकजीव होत नाही. पाच मिनिटं वाचवायला ते आणतात. किसणी घ्या.

'पनीर वितळलं नाही' ही तक्रारही येते. पनीर वितळतच नाही. दूध तापवून आंबट घालून फाडलेलं असतं, ते कितीही तापवा, मऊच राहतं. चवीला घाला, पण कपड्यात दाबून पाणी काढल्याशिवाय नको.

जॉर्जियाचा खाचापुरी हा चीजचा पाव करायचा उत्साह हल्ली बऱ्याच जणांना असतो. होडीच्या आकाराचा, मधे अंडं घातलेला, तो तिथल्या अजारा भागातला. तिकडचं सुलुगुनी चीज इथे सहजी मिळत नाही, मोझरेलात निम्मं दाबलेलं पनीर आणि चिमूटभर मीठ घालून भागतं. चूक होते ती अंड्याची. अंडं सुरुवातीलाच फोडतात आणि पाव होईस्तोवर त्याचं रबर होतं. होडी आधी सोनेरी होऊ द्या, शेवटची तीन-चार मिनिटं उरली की अंडं घाला. होडीच्या कडा दुमडून उंच ठेवा, नाहीतर अंडं ट्रेवर.

उरलेल्या चुका भराभर. यीस्ट उकळत्या दुधात घालू नका, ५५-६० अंशांना ते मरतं. बोटाला कोमट लागेल एवढंच. सुटं यीस्ट घेतलं असेल तर आधी साखरेच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून फेस येतो का बघा, उरलेलं हवाबंद डबीत फ्रीजरमध्ये. बेकरीवाल्याने ओलं यीस्ट दिलं तर ४ ऐवजी १२ ग्रॅम. मैदा हाताने १० ते १२ मिनिटं मळायचा, चार मिनिटांत 'झालं' म्हणायचं नाही. गिरणीवरचं गव्हाचं पीठ घालायचं असेल तर एक तृतीयांशपर्यंत, सोबत १५-२० मिली पाणी जास्त. सोडा-दही घालून दहा मिनिटांत होणारा 'यीस्टशिवाय चीज पाव' हा वेगळाच पदार्थ आहे, त्याला पाव म्हणू नका.

आणि ओव्हनमधून काढल्याबरोबर फोडू नका. तार ताणून फोटो काढायची घाई असते, पण तेव्हा चीज पातळ असतं, सगळं खाली ओघळतं आणि जीभ भाजते ती वेगळीच. आठ-दहा मिनिटं जाळीवर ठेवा. ताटात ठेवलात तर वाफेने तळ ओला होतो. उरलेले बन बाहेर रात्रभर ठेवायचे नाहीत. फ्रीजमध्ये दोन दिवस चालतात. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये पाव चामट होतो. जाड तवा, मंद आच, वर झाकण, पाच-सहा मिनिटं, मधे एकदा उलटायचा.