काळं दिसलं की कोळसा नव्हे: जुन्या वणव्यांच्या अभ्यासात येऊ बघणाऱ्यांसाठी

एमएस्सी जिऑलॉजीच्या प्रोजेक्टला मी कोट्यवधी वर्षांपूर्वीचे वणवे हा विषय घेतला, म्हणजे खडकात टिकलेला जळक्या लाकडाचा कोळसा शोधायचा, तेव्हा आई म्हणाली, कोळसाच बघायचा तर पोदेराच्या (गोव्यातल्या पाववाल्याच्या) भट्टीवर जा की, त्याला एवढं शिकायला कशाला हवं. आम्ही हसलो, पण पहिलं खरं ट्रेनिंग तिथंच झालं. भट्टीतला गार झालेला तुकडा बोटांनी मोडायचा, ताज्या मोडलेल्या बाजूवर दहा पटीची लेन्स धरायची, रेशमासारखी चमक येते आणि लाकडाच्या नळ्या ओळीने दिसतात. हे डोळ्यात बसेपर्यंत फॉसिलच्या नादाला लागू नका, मी लागलो आणि फसलो.

झालं असं की गोव्यात सांगे-केपे बाजूला फिरताना लॅटेराइटमध्ये (जांभ्या दगडात) काळे गोळे मिळाले, हाताला काळं लागत होतं, मी खुशीत पिशवीवर 'चारकोल' लिहून सरांकडे नेलं. त्यांनी पिशवी नुसती हातावर तोलली आणि म्हणाले, अरे वजन बघ की! मँगनीज होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर फसफसून आलं. लाज वाटली, कारण गोव्यात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. त्यात आपल्याकडचा मूळ खडक बहुतेक झाडं जमिनीवर येण्याच्या कितीतरी आधीचा, त्यात वणवा शोधणार कुठून.

म्हणून जुनं मटेरियल बाहेरचंच बघावं लागतं. वणव्याचे सगळ्यात जुने पुरावे 42 कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. कोळसा टिकतो कारण जळलेलं लाकूड जिवाणूंना खाता येत नाही. आणि ऑक्सिजन साधारण 16 टक्क्यांच्या खाली गेला तर आग पसरतच नाही, म्हणजे तुकडा मिळाला की त्या काळच्या हवेचाही अंदाज बांधता येतो, मला तर या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. किनाऱ्याजवळच्या जंगलाचं उदाहरण हवं असेल तर कॅनडातलं जॉगिन्स वाचा. तिथे सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीचे उभेच्या उभे गाडले गेलेले बुंधे आहेत, त्यांच्या पोकळीत कोळसा आणि सरड्यासारखे छोटे प्राणी सापडलेत, काहींच्या मते आगीनेच ते बुंधे पोखरले. भारतात दामोदर खोऱ्यातल्या पर्मियन काळातल्या (साधारण 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीच्या) दगडी कोळशातही जळलेल्या लाकडाचे थर आहेत, त्याला फ्यूझेन म्हणतात, 1919 मध्ये मेरी स्टोप्सनी दगडी कोळशाचे घटक वेगळे करताना हे नाव वापरलं. हो, त्याच, कुटुंबनियोजनवाल्या.

लॅबमधलं काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो. दगड आम्लात विरघळवायचा, चाळायचा, मग तासन्‌तास मायक्रोस्कोपखाली ब्रशने काळे कण वेचायचे. खात्री करायला एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागतो, कारण 300 डिग्रीच्या पुढे जळालेल्या लाकडात शेजारच्या पेशींमधली सीमारेषा नाहीशी होते आणि भिंत एकजीव दिसते, नुसत्या दबून काळ्या झालेल्या लाकडात तसं होत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लाला मात्र एकट्याने हात लावायचा नाही, हातमोज्यांसकट सुद्धा नाही, सिनियर सोबत हवा आणि त्या आम्लाने भाजलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल समोर हवं.

मला सगळ्यात जास्त घाम फुटला तो मांडवीकाठच्या कांदळवनातल्या चिखलाने. कोळसा होता, यावेळी खराच! पण सर म्हणाले, पेटलं कुठे? कोळसा आधी तरंगतो, नदीबरोबर लांब जातो, भिजून जड झाला की बुडतो, आणि वरच्या घाटात कुमेरी (झाडं जाळून करायची फिरती शेती) जाळायचे ते वेगळंच. बारीक भुगा असेल तर आग जवळ होती असं म्हणू नका, आणि मोठा तुकडा मिळाला तरी त्याच्या कडा बघा, घासून गोल झाल्या असतील तर तो प्रवास करून आलाय.

पुढे याच विषयात राहायचं तर जुन्या वनस्पतींच्या अभ्यासासाठीची लखनौची बिरबल साहनी इन्स्टिट्यूट आहे, समुद्रातल्या गाळाची आवड असेल तर आपली दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). अर्ज करण्याआधी बांबू, करवंटी, गवत, सुरूच्या काटक्या असं जमेल ते फॉइलमध्ये गुंडाळून लॅबच्या फर्नेसमध्ये जाळा आणि लेबल लावून डबीत ठेवा. मी ठेवलंय, एका डबीत पोदेराचा तुकडा पण आहे, आणि त्याच्या शेजारी ती मँगनीजची पिशवी, वरचं 'चारकोल' अजून खोडलेलं नाही.